नदीकाठचा तंबू सकाळी आतून ओला: गळतोय की घाम धरतोय?

रात्रभर पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, चांदणं पडलेलं. सकाळी डोळे उघडून बघावं तर तंबू आतून ओलाचिंब. नदीकाठच्या मुक्कामातली ही तक्रार मी बारा हिवाळे ऐकतो आहे, आणि दर वेळी जवळपास त्याच गोष्टी तपासून ती दूर करतो आहे. आमचे मुक्काम ताम्हिणीच्या खालच्या अंगाला, कुंडलिकेच्या आणि सावित्रीच्या वरच्या खोऱ्यांत असतात. गाडीरस्ता संपल्यावर दोन-तीन तास चालायचं, पुढे वीज नाही, दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही. अशा जागी स्लीपिंग बॅग भिजली की पंचाईत होते, कारण पुढची रात्रही त्याच बॅगेत काढायची असते.

आधी लक्षणं बघू. तुमच्या तंबूत यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा, मग पुढचं वाचा.

- छताला आतून बारीक थेंबांची जाळी धरलेली. चेन ओढताना तंबू हलला की ते थेंब पावसासारखे अंगावर पडतात.
- स्लीपिंग बॅगेचा पायाकडचा आणि तोंडाजवळचा भाग ओला, मधला कोरडा.
- मॅट उचलली की खाली माणूस झोपल्याच्या आकाराची ओल.
- कोपऱ्यांत किंवा एका कडेला पाणी साचलेलं, मधली जमीन त्या मानाने कोरडी.
- पाऊस झाला त्या रात्री शिवणीवर एकाच ठिकाणी थेंब, बाकी सगळं कोरडं.
- फ्लायची, म्हणजे बाहेरच्या कापडाची, आतली बाजू हाताला चिकट. आंबूस वास आणि पांढरे पापुद्रे.

पहिली तीन लक्षणं वाफेची आहेत. तंबू गळत नाही, आतली वाफ गार कापडावर पाणी होऊन बसते. चौथं लक्षण जमिनीचं किंवा चुकीच्या अंथरलेल्या ताडपत्रीचं. शेवटची दोनच काय ती खऱ्या गळतीची. "तंबू गळतोय, नवा कुठला घेऊ?" असं विचारत जे तंबू माझ्याकडे आले, त्यातले बहुतेक गळत नव्हतेच. त्यांच्या मालकांनी मात्र सीलरच्या, म्हणजे शिवणी बुजवायच्या लेपाच्या, ट्यूबा आणि वॉटरप्रूफ स्प्रे यांवर पैसे घालून झाले होते, काहींनी दुसरा तंबूही घेतला होता. म्हणून माझा आग्रह असतो की खर्चाची गोष्ट सगळ्यात शेवटी, पहिल्या पाच तपासण्या फुकटच्या आहेत.

१. उठल्या उठल्या, काही हलवायच्या आधी

सकाळी जाग आली की लगेच चेन ओढू नका. पडल्या पडल्या टॉर्च लावा आणि उजेड कापडाला घासून जाईल असा तिरका धरा. पाणी कुठे आहे ते त्या उजेडात स्पष्ट दिसतं. सगळीकडे सारखं धुकं धरलंय, की एका रेषेवर थेंब आहेत? छत ओलं आहे, की फक्त खालच्या कडा?

मग कोरडा रुमाल घेऊन वीतभर जागा पुसा आणि दहा मिनिटं थांबा. पुसलेल्या जागी पुन्हा सगळीकडे सारखं धुकं आलं तर ती वाफ. बाहेर पाऊस चालू असताना बाकी जागा कोरडी राहून एकाच बिंदूतून थेंब फुगायला लागला तर ती गळती. दिवस वर आला आणि लोक आत-बाहेर करू लागले की हे काहीच कळत नाही. थेंब सगळे खाली येतात, पाणी कोपऱ्यात जमतं आणि मग प्रत्येकाला तळच फाटलाय असं वाटतं.

२. खिडक्या, दार आणि बिबट्याची भीती

हिवाळ्यात थंडी लागते म्हणून माणसं तंबू डब्यासारखा बंद करतात. तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच.

थोडा हिशोब सांगतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी बाहेर पडतं. दोघं असाल तर अर्धा लिटर तरी धरून चाला. हवेची वाफ धरण्याची ताकद तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा २३ ग्रॅम वाफ धरू शकते, १० अंशाला जेमतेम साडेनऊ ग्रॅम. दोन माणसांच्या तंबूत अडीच-तीन घनमीटर हवा मावते. म्हणजे पहाटे १० अंश असताना त्या सगळ्या हवेत मिळून २५-३० ग्रॅम वाफ राहू शकते, आणि तुम्ही तिच्यात अर्धा लिटर पाणी सोडलेलं असतं. उरलेलं पाणी बाहेर गेलं नाही तर ते कापडावरच बसणार. तंबू कितीही महागाचा असला तरी हा हिशोब बदलत नाही.

तेव्हा वरची वायुवीजनाची खिडकी पूर्ण उघडा. तिला आधार द्यायची छोटी काडी असते, ती लावा. फ्लायची चेन वरून वीतभर उघडी ठेवा, आणि दोन दारं असतील तर दोन्हीकडची. आतली जाळी बंदच राहू द्या, म्हणजे डास, विंचू आत येणार नाहीत. हवा खालून शिरून वरून निघाली पाहिजे, त्यामुळे फ्लायची खालची कड जमिनीला टेकलेली नको. चार-पाच बोटं उंच असू दे.

"पण जनावर आलं तर?" हे मला दर मुक्कामात विचारतात. एकदा दोन भावांनी बिबट्याच्या धास्तीने तंबूच्या सगळ्या चेनी लावून वर आतून सेफ्टी पिना मारल्या होत्या. सकाळी त्यांच्या तंबूतून मी टॉवेल पिळून पाणी काढलं. कापडाची चेन बिबट्याला अडवत नाही आणि रानडुकरालाही नाही. जनावर तंबूपाशी येतं ते बहुधा अन्नाच्या वासाने. जेवण, उरलेली भाजी, बिस्किटं, गोड वासाचा साबण हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तंबूपासून लांब ठेवा आणि हवेची वाट उघडी ठेवून झोपा.

३. दोर ताणलेले आहेत का

संध्याकाळी तंबू ढोलासारखा ताणून बसतो आणि रात्री सैल पडतो. नायलॉन ओलं झालं की लांबतं. पॉलिएस्टर फार लांबत नाही, पण आपल्याकडे दोन्ही कापडांचे तंबू असतात. सैल पडलेली फ्लाय आतल्या कापडाला चिकटली की फ्लायवर जमलेलं पाणी थेट आत उतरतं. फ्लायवर पाणी जमलं तरी ते बाहेरच्या बाहेर ओघळून जावं, यासाठीच तर दोन थर असतात. दोन्ही थर एकमेकांना टेकले की दुहेरी तंबूचा एकेरी तंबू होतो.

झोपायला जाताना एक फेरी मारा आणि प्रत्येक दोर पुन्हा ताणा. मधल्या बाजूच्या खुंट्या बरेच जण मारतच नाहीत. "चार कोपरे मारलेत की, उभा आहे ना!" उभा राहतो, पण मधे पोट आत येतं आणि ओल नेमकी तिथेच उतरते. वाळूत खुंटी धरत नसेल तर दोराला आडवी काटकी बांधून ती वाळूत पुरा आणि वर दगड ठेवा. नदीत गोट्यांना काय तोटा.

याच फेरीत चेनही बघून घ्या. रनर झिजून चेनीचे दात मागून उघडे पडत असतील तर वाऱ्याचा पाऊस तिथून आत येतो. पकडीने रनर हलका दाबला की बऱ्याचदा काम भागतं.

४. आत काय काय ठेवलंय

ओले बूट, ओले मोजे, नदीत आंघोळ केल्यावरचा टॉवेल, धुतलेली भांडी: हे सगळं तंबूत नेलंत तर रात्रभर त्याचीही वाफ होणार. बाहेर ठेवा. विंचवाची भीती रास्त आहे, म्हणून बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि फ्लायच्या ओसरीत ठेवा. सकाळी पाय घालण्याआधी उलटे करून झटका.

डोकं स्लीपिंग बॅगेत खुपसून झोपू नका. श्वासातलं सगळं पाणी बॅगेच्या भरावात जाऊन बसतं. पिसांची बॅग ओली झाली की गोळे धरते आणि ऊब जवळजवळ संपते. कृत्रिम भरावाची बॅग त्यातल्या त्यात टिकते. त्यापेक्षा कानटोपी घाला, मफलर गुंडाळा आणि नाक बाहेर ठेवा. बॅगेचा पायाकडचा भाग भिजतो तो कापडाला टेकल्यामुळे. उंच माणसांनी तंबूत तिरकं झोपावं, किंवा पायाकडे बॅगेवर रेनकोट पसरावा.

यातली एक गोष्ट मात्र ओलीच्या पलीकडची आहे. तंबूत स्टोव्ह, शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नका. गॅस जळताना पाणी तयार होतं. एक किलो ब्युटेन जळलं की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते, त्यामुळे ऊब मिळवायला गेलात तर ओलच वाढते. त्याहून भयंकर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. थंडी फारच असेल तर पाणी बाहेर गरम करून स्टीलच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, मोज्यात गुंडाळा आणि पायाशी घ्या. पहाटेपर्यंत ऊब पुरते.

५. तळाची ताडपत्री

तंबूखाली निळी ताडपत्री अंथरणं चांगलंच. पण ती तंबूच्या तळापेक्षा मोठी असली आणि कडा बाहेर राहिल्या की फ्लायवरून ओघळलेलं दव आणि पाऊस तिच्यावर पडतो आणि घरंगळत तळाखाली जातो. तंबू मग पाण्याच्या परातीत बसल्यासारखा होतो. कोपऱ्यांतलं पाणी बहुतेक वेळा इथून आलेलं असतं.

ताडपत्री तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान हवी. मोठी असेल तर कडा आत, खालच्या बाजूला दुमडा. वर दुमडल्या तर पन्हळ तयार होते. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यानेच मिटलेल्या तक्रारी माझ्या आठवणीत बऱ्याच आहेत.

मॅटखाली माणसाच्या आकाराची ओल असेल तर ती जमिनीतून आलेली नाही. ती तुमच्या अंगाची वाफ आहे. बॅगेतून, मॅटच्या कडेने खाली जाऊन ती गार तळावर थिजते. ओल अंगाच्या आकाराची असली तर वाफ, कडेला आणि कोपऱ्यांत असली तर बाहेरचं पाणी, एवढं लक्षात ठेवा. वाफेच्या ओलीला उपाय सोपा आहे. मॅटखाली आणखी एक पातळ फोमची मॅट घाला आणि सकाळी दोन्ही उलट्या करून उन्हात टाका.

६. जागा

इथपर्यंतच्या गोष्टी झोपण्याआधी दहा मिनिटांत होतात. आताची तपासणी कष्टाची, कारण तंबू उचलून हलवावा लागतो. पण मला एकच तपासणी करायला मिळाली तर मी हीच करीन.

नदीकाठी तंबू लावायचा म्हटलं की सगळे पाण्यापासून पाच पावलांवर सपाट वाळू किंवा गवत शोधतात. दिवसा ती जागा फार देखणी असते. रात्री खोऱ्यातली सगळी गार हवा तिथेच उतरते. गार हवा जड असते. डोंगराच्या अंगावरून ती पाण्यासारखी वाहत खाली येते आणि नदीच्या पातळीवर साचून राहते. त्यात नदीची वाफ मिसळते. पहाटे पात्रावर जो धुक्याचा पांढरा पट्टा दिसतो, त्याच्या मधोमध तुमचा तंबू असतो.

हे मला शिकवलं एका धनगर आजोबांनी. मी नवखा होतो, पाण्यालगत चार तंबू लावून बसलो होतो. ते वरून खाली आले, काठीवर रेलून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रातचं गार सगळं खाली उतरतंय, पोरा. शेरडंबी वर बसत्यात. तुमी खाली कशापायी?" त्यांचा वाडा नदीपासून दोन पुरुष उंच टेपाडावर होता. त्या रात्री आम्ही खालीच राहिलो आणि सकाळी सगळं ओलं. दुसऱ्या रात्री त्यांच्या टेपाडाच्या कडेला गेलो. त्याच तंबूंना सकाळी फ्लायवर बाहेरून थोडं दहिवर होतं, आत बोट फिरवलं तर कोरडं. पुढे मी दोन साधे तापमापक घेऊन मोजून बघितलं. पहाटे पाच वाजता पाण्याकाठी ११ अंश होते आणि पंधरा मीटर वर १४. तीन अंशांचा फरक कागदावर लहान दिसतो. तंबूत तो ओलं आणि कोरडं यांच्यातला फरक असतो.

वर चढताना आणखी एक बघा: गेल्या पुराची खूण. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला वाळका कचरा, गवताचे झुपके, प्लास्टिकच्या चिंध्या जिथवर दिसतात तिथवर पाणी येऊन गेलं आहे. त्या रेषेच्या खाली मुक्काम करूच नये. कुंडलिकेसारख्या नदीत तर पावसाचीही गरज नाही. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत येतं आणि सकाळी ते सुटलं की पात्र भरतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. वर धरण किंवा वीजगृह असलेल्या प्रत्येक नदीवर, पाणी कधी सुटतं हे वाडीतल्या माणसांना विचारूनच तंबू लावा. पावसाळ्यात पात्रालगत मुक्काम मी घेत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात महाडजवळचा जुना दगडी पूल वाहून गेला. त्या नदीचा जोर किती, हे सांगायला तेवढं पुरे.

आता झाड. उघड्या आभाळाखाली फ्लाय आपली ऊब आकाशाला देऊन टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव तिच्यावर आधी धरतं. डोक्यावर पानांचं छत असलं की हा गारवा कमी होतो. जांभूळ, करंज, अर्जुन ही काठावरची झाडं त्यासाठी चांगली. पण वर नीट बघा. वाळलेली फांदी नको, आग्यामोहोळ तर अजिबात नको. फळावर आलेल्या उंबराखालीही नको, कारण रात्रभर वटवाघळं आणि खाली पडलेल्या फळांवर जनावरं येतात. जनावरांची पाणवठ्याकडे जाणारी वाट सोडून बसा. चिखलात गव्याचे खूर उमटलेले दिसले की ती त्यांची वाट, आपण बाजूला व्हायचं.

वारा. रात्री खोऱ्यातली हवा बहुधा वरून खाली, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने वाहते. तंबूचं एक तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि दुसरं खालच्या अंगाला केलंत तर ती हवा तंबूतून आरपार जाते. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते संध्याकाळी बघा. उदबत्ती लगेच विझवा, रानात वाळकं गवत असतं.

७. जमिनीची परीक्षा: प्लास्टिकचा तुकडा

जागा बरी वाटते पण तळ तरी ओला होतो, असं असेल तर जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा तंबूशेजारी मोकळ्या जमिनीवर पसरा, चारी कडांवर माती ओढा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी दोन्ही बाजूंना हात लावा. वरची बाजू ओली असेल तर ते दव. खालच्या बाजूला थेंब लोंबत असतील तर ओल जमिनीतून येते आहे. नदीकाठच्या मळईत, गाळाच्या काळ्या जमिनीत आणि हिरव्यागार गवतावर असं हटकून होतं. कोरड्या मुरमावर किंवा पानगळीच्या थरावर फार कमी. दोन्हीकडून ओलं असेल तर ती जागा सोडा.

८. घरी आल्यावर: शिवणी

आत्तापर्यंतचं सगळं करूनही पावसाच्या रात्री शिवणीवरून पाणी येत असेल तर आता तंबूकडे वळायचं. हे काम रानात करू नका.

गच्चीवर तंबू उभा करा, आत वर्तमानपत्र पसरा आणि एकजण टॉर्च घेऊन आत बसा. दुसऱ्याने झारीने किंवा पाइपने पाणी सोडायचं, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. एकदम वरून ओतलं तर पाणी सगळ्या शिवणींवरून वाहतं आणि नेमकी कुठली गळतेय ते कळत नाही. खालून वर गेलात की पहिला थेंब आला ती शिवण सापडते. तिथे लगेच खडूने खूण करा.

दुकानात मिळणारा सीलर घेताना कापड कुठल्या लेपाचं आहे ते आधी बघा. लेबलवर पीयू लिहिलेलं असेल तर पॉलियुरेथेनचा सीलर, सिलिकॉन लेपाचं कापड असेल तर सिलिकॉनचाच. सिलिकॉनवर पॉलियुरेथेन चिकटत नाही, दोन दिवसांत साल निघते. जुनी उकललेली टेप हलक्या हाताने काढा, शिवण स्पिरिटने पुसा, बारीक ब्रशने पातळ थर द्या आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. चिकट राहिलं तर घडी घालण्याआधी थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा. खर्च काही शे रुपये.

तळाबद्दल एक गैरसमज आहे. लेबलवर १५०० मिमी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ते कापड दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. छताला तेवढं पुरतं. तळावर मात्र तुम्ही गुडघा टेकलात की दाब त्याच्या कितीतरी पट होतो, आणि खाली ओल असेल तर ती त्या बिंदूतून वर येते. तळ ३००० मिमी किंवा त्याहून जास्त असलेला बरा. नसेल तर खाली ताडपत्री, आत मॅट, आणि गुडघ्यावर रांगायचं ते मॅटवरच.

कुठे थांबायचं

फ्लाय आतून चिकट झाली असेल, आंबूस वास असेल आणि नखाने खरवडलं की लेपाचे पापुद्रे निघत असतील तर सीलर फासू नका. ओलसर घडी घालून ठेवल्यामुळे तो लेपच कुजला आहे. तळहाताएवढ्या जागी असेल तर ठिगळ लावता येतं. अर्ध्या कापडावर असेल तर ते कापड बदलणं किंवा नवा तंबू घेणं एवढंच उरतं, आणि ते तंबू-रेनकोट शिवणाऱ्या कारागिराला दाखवून ठरवा. तळ लांब फाटला असेल किंवा चेन पूर्ण बदलायची असेल तरी त्याच्याकडेच जा. घरच्या शिलाई मशीनवर मारलेली प्रत्येक सुई नवीन भोक असते.

रानात असताना दोन गोष्टी घडल्या तर तंबूचं काम तिथेच टाकून द्यायचं. पहिली: नदीचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला किंवा भोंगा ऐकू आला. खुंट्या उपटत बसू नका, माणसं घेऊन वर चढा. तंबू गेला तर गेला.

दुसरी: भिजलेल्या बॅगेत झोपलेला कुणी सारखा थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, बोटांनी साधी चेन लावता येत नसेल. ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली दोन मॅट द्या, डोकं झाका आणि तो शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर गरम गोड चहा पाजा. दारू देऊ नका, हातपाय चोळू नका. थरथर थांबली, पण माणूस गुंगीत जातोय किंवा असंबद्ध बोलतोय, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. त्याला आडवंच ठेवून एकाने ताबडतोब रेंजच्या जागी जाऊन १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर मदत मागायची. म्हणूनच मुक्कामाला जाताना वाडीत आणि वनरक्षकाला सांगून, परवानगी घेऊनच जावं. आपण नेमके कुठे आहोत हे खाली कुणाला तरी माहीत हवं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात तर तंबूचा विचारच नको.

परत आल्यावर तंबू त्याच दिवशी सावलीत दोरीवर टाका आणि शिवणी, कोपरे, खिशांच्या आतल्या बाजू पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. कडक उन्हात रोज टाकला तर कापड विरतं. कारागिराकडे न्यायचा असेल तर गळतीच्या प्रत्येक जागी रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून न्या, पण शिवणीच्या जास्तीच्या कापडातून, लेपाला भोक न पाडता. खडू वाटेत पुसला जातो, आणि कोरड्या तंबूत ती जागा त्याला सापडत नाही.